आबांच्या पायाला एकच जखम, रिपोर्ट चार, जंतू चार. खरा कुठला?

मलप्रभा_काठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

मी खानापूर तालुक्यातला. आबांचं वय ६४, शुगर १५ वर्षांपासूनची. उजव्या अंगठ्याखाली घट्टा झालेला. रोपलावणीच्या आधी त्यांनी तो दाढीच्या ब्लेडनं सोलला आणि पुढं आठ दिवस चिखलात उभे. दुखलं नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही. एके सकाळी आईला मागच्या दारी फरशीवर ओली पावलं दिसली. डावं पाऊल पाण्याचं, उजवं लालसर. तेव्हा घरात कळलं.

याला आता ७ आठवडे झाले. जखम रुपयाएवढी आहे, मध्ये खोल. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ९.८ आलं. चार वेळा कल्चर झालं (जखमेतले जंतू उगवून ओळखायची तपासणी), दोन वेगळ्या लॅबमध्ये:

पहिला रिपोर्ट, स्टॅफिलोकोकस ऑरियस.
दुसरा, स्यूडोमोनास एरुजिनोसा.
तिसरा, प्रोटियस मिराबिलिस आणि क्लेबसिएला, दोन्ही.
चौथा, नो ग्रोथ. म्हणजे काहीच उगवलं नाही. पण जखमेतून पाणी येतंयच की!

दर रिपोर्टला औषध बदललं. आता आबा म्हणतात, "माझ्या पायात जत्रा भरलीया काय?" रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर बोलतात कन्नडमध्ये, आबांना मराठीशिवाय काही येत नाही आणि मधल्या मध्ये मी दुभाषा. लॅब चुकली की आमचं काही चुकलं? जाणकारांनी सांगावं.

शहापूर_माग | रविवार, रात्री १०:०५

दादा, काळजी घ्या. आमच्या आईचं करंगळीवर निभावलं, गुडघ्यापर्यंत आलं होतं. रिपोर्टचं मला कळत नाही, पण पाय रोज संध्याकाळी उजेडात बघत चला. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवायचा. आई अजून तसंच करते.

अगर_मगर | रविवार, रात्री ११:१५

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन. २० वर्षं जंतूंच्या प्लेटा वाचतोय. गाव सांगत नाही, पण सकाळी खिडकीतून किल्ला दिसतो.

उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांगा. कारण चारही रिपोर्ट खरे असू शकतात आणि तरी एकही कामाचा नसू शकतो.

स्वॅब, म्हणजे काडीवर टिपलेला नमुना, कुणी घेतला? जखम धुऊन घेतला की पट्टी काढल्या काढल्या? त्या दिवशी अँटिबायोटिक चालू होतं का? आणि स्वॅब लॅबपर्यंत कसा गेला, किती वेळानं?

मलप्रभा_काठ | सोमवार, सकाळी ७:२०

सांगतो, हसू नका.

पहिला गावातल्या दवाखान्यात घेतला. जखम साफ करून, तळाशी घासून घेतलेला. तोवर गोळ्या सुरू नव्हत्या. दुसरा ड्रेसिंग करणाऱ्या मुलानं घेतला. पट्टी काढली, वरचा हिरवट पू काडीनं टिपला, झालं. गोळ्या चालू होत्या. तिसरा स्वॅब मीच शर्टाच्या खिशात घालून बेळगावला नेला. गाडी जांबोटी क्रॉसला तासभर अडकली, पुढं बाजारात एक काम होतं ते उरकलं, लॅबमध्ये दुपारी ३ ला पोचलो. सकाळी ९ चा होता. चौथा घेतला तेव्हा सलाइनमधून भारी इंजेक्शन चालू होतं, पाचवा दिवस.

अगर_मगर | सोमवार, रात्री १०:३०

हसणार कशाला, निम्मा तालुका असंच करतो. आता सावकाश वाचा, लांबण लागणार आहे.

उघडी जखम ही उघड्या अंगणासारखी असते. अंगणात कोंबडी येते, कुत्रं येतं, शेजारचं पोर येतं. त्यातलं चोरी कुणी केली ते अंगणाचा फोटो काढून कळत नाही. वरच्या पुवावर, मेलेल्या कातडीवर, पट्टीखालच्या ओलीत जे जंतू बसतात ते बहुतेक पाहुणे. पाय कुजवणारा आत, जिवंत मांसात असतो. वरून टिपलेल्या काडीवर पाहुणे येतात आणि आम्ही इमानेइतबारे पाहुण्यांची नावं लिहून पाठवतो.

लॅबमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या चार रिपोर्टांचा उलगडा होईल.

नमुना आला की आधी काचेवर ठसा घेऊन ग्रॅमचा रंग देतात. हान्स क्रिस्टियान ग्रॅम या डॅनिश माणसानं १८८४ मध्ये ही पद्धत छापली, आजही दिवसाची सुरुवात त्यानंच होते. जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुणं, शेवटी लाल. ज्यांची भिंत जाड ते जांभळा धरून ठेवतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांचा जांभळा धुऊन जातो ते लाल दिसतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. तासाभराच्या आत एवढं कळतं. आणखी एक कळतं, त्याकडं फार कमी लोक बघतात: काचेवर पूपेशी आहेत की नुसत्या कातडीच्या पेशी. कातडीच्याच पेशी दिसल्या तर नमुना वरवरचा.

मग ब्लड अगर आणि मॅकॉन्की अगर अशा, जंतू वाढवायच्या जेलीच्या दोन प्लेटांवर रेघोट्या ओढून रात्रभर ३५ ते ३७ अंशांत ठेवतो. सकाळी कपाट उघडलं की अर्धी ओळख नाकाला आणि डोळ्यालाच होते. स्यूडोमोनासची प्लेट हिरवट आणि वास पिकलेल्या द्राक्षांचा. प्रोटियस एका जागी राहतच नाही, तळ्यात खडा टाकल्यावर वलयं पसरतात तसा ब्लड अगरवर लाटालाटांनी पसरतो आणि बाकीच्यांना झाकून टाकतो. क्लेबसिएलाला तारेनं उचललं तर तार सुटते, गुऱ्हाळात पाक बघतात ना बोटावर, तश्शी. आणि स्टॅफिलोकोकस सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखा. नावच ग्रीकमधल्या घडावरून पडलंय. ऑरियस म्हणजे सोनेरी, वसाहतीच्या रंगावरून.

अर्थात रंगावासावर रिपोर्ट देत नाही कुणी. स्टॅफ दिसला तर तो ऑरियस आहे की कातडीवरचा साधा भाऊबंद, हे कोअॅग्युलेज टेस्टनं ठरतं. छोट्या नळीत प्लाझ्मा, त्यात जंतू, ३७ अंशांत ४ तास. नळी तिरकी केली आणि आतलं दह्यासारखं लागलेलं असलं तर ऑरियस. स्यूडोमोनासला ऑक्सिडेज, प्रोटियसला युरिएज, अशा प्रत्येकाच्या खुणा. मोठ्या लॅबमध्ये आता हे काम मशीनच्या कार्डावर होतं. काही ठिकाणी माल्डी-टॉफ आहे, वसाहत टेकवली की काही मिनिटांत नाव. पण वसाहत उगवायला एक रात्र तिलाही लागतेच.

आता तुमचे रिपोर्ट. पहिला बऱ्यापैकी नीट घेतला होता, औषध सुरू होण्याआधी. माझा भरवसा त्यावर जास्त. दुसरा वरच्या पुवाचा, गोळ्या चालू असताना. गोळ्यांनी स्टॅफ दबला आणि ओलीत रमणारा स्यूडोमोनास वर आला, तो काडीवर चिकटला. तिसरा ६ तास खिशात उबवलेला. दादा, तुम्ही इन्क्युबेटर घेऊन फिरत होतात! ज्यांची वाढ जोरात त्यांनी वाटेतच संसार मांडला. चौथ्यात काही उगवलं नाही ते इंजेक्शनमुळं. शिवाय हवेत मरणारे अनएरोब जंतू साध्या काडीवर टिकत नाहीत आणि साध्या प्लेटवर उगवत नाहीत, त्यांना वेगळी बाटली आणि हवाबंद डबा लागतो. तेव्हा नो ग्रोथ म्हणजे जखम निर्जंतुक असं नाही.

लॅबची चूक यात एकच दिसते मला, नमुना परत मागवायला हवा होता.

चिकोडी_पॅसेंजर | सोमवार, रात्री ११:०२

एवढं लांबण लावून शेवटी लॅबवाल्यांनाच वाचवलंत! सगळा कमिशनचा खेळ आहे साहेब. एका पायावर ४ कल्चर, प्रत्येकाचे पैसे वेगळे. आमच्या मामांना तर जखम वाळत आली होती तरी कल्चर करा म्हणाले.

अगर_मगर | सोमवार, रात्री ११:२०

मामांचं कल्चर नको होतं, यात मी तुमच्या बाजूनं. जखमेला लाली नाही, सूज नाही, गरम लागत नाही, पू नाही, तर स्वॅब घेऊच नये. जखम आहे म्हटल्यावर जंतू उगवणारच. मग रिपोर्टात नाव आलं की औषध लिहिल्याशिवाय राहवत नाही आणि उगाच अँटिबायोटिक पोटात जातं.

लॅबवाल्यांना वाचवत नाही. एकदा ऑपरेशन थिएटरमधून मांसाचा तुकडा आला, चांगला खोल, जसा हवा तसा. डबी उघडली तर फॉर्मॅलिनचा भपका. बायोप्सीला फॉर्मॅलिन लागतं, कल्चरला टाकलं की सगळे जंतू खलास. पेशंटचा पाय परत कापून तुकडा आणायचा का? मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. तेव्हापासून प्रत्येक फोनवर आधी हेच सांगतो: कल्चरला निर्जंतुक सलाइनचे दोन थेंब, फॉर्मॅलिन नको.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ४:१०

ड्यूटीवर आहे, तुटक लिहीन. सर्जरीत आहे, मधुमेही पाय रोज बघते.

अगर_मगर काकांचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट मागं राहतेय. इन्फेक्शन आहे की नाही हे लॅब ठरवत नाही, डोळे आणि हात ठरवतात. लाली, सूज, ऊब, दुखणं, पू, यातल्या दोन खुणा असल्या की इन्फेक्शन. लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटीमीटरच्या आत आणि वरवरची असेल तर सौम्य. त्याबाहेर गेली किंवा खोल गेली तर मध्यम. ताप, धडधड, पांढऱ्या पेशी वाढलेल्या असं अंगभर जाणवलं तर गंभीर, त्याच दिवशी भरती. अडचण एवढीच की आबांसारख्यांच्या नसा बधिर असतात, दुखणं ही खूण त्यांच्याकडं नसतेच. लाल पाऊल फरशीवर उमटतं आणि माणसाला पत्ता नसतो.

जखम रुपयाएवढी आणि मध्ये खोल म्हणालात. त्यात निर्जंतुक सळई घालून बघितली का कुणी? टोकाला टणक, खडखडीत लागलं तर हाडापर्यंत गेलंय असं धरून चालायचं. एक्स-रे काढला असेल आणि तो ठीक असेल तरी खूश होऊ नका, हाडातला बदल फिल्मवर दिसायला दोन-तीन आठवडे जातात.

हाडाला लागलं असेल तर वरच्या काडीचा काही उपयोग नाही, हाडाचा तुकडाच पाठवायचा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्येही हेच आहे: आधी मेलेलं मांस काढा, धुवा, मग तळातलं मांस खरवडून किंवा बायोप्सीनं घ्या, स्वॅब टाळा. जिथं दुसरं काहीच शक्य नाही तिथं निदान धुतलेल्या तळावर १ चौरस सेंटीमीटर जागेत काडी दाबून ५ सेकंद फिरवायची, आतलं पाणी वर आलं पाहिजे.

एक राहिलं. पायात रक्त पोचतंय का ते बघितलंय का? घोट्याचा दाब मधुमेह्यांत फसवा निघतो, धमन्या कडक झाल्या की आकडा खोटाच मोठा येतो. डॉप्लर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी, करा. रक्तच पोचत नसेल तर औषध तिथवर जाणार कसं?

आणि इथं कुणी औषधाचं नाव सुचवू नका, प्लीज. चालू गोळ्या स्वतःहून बंदही करू नका. नमुन्याआधी औषध काही दिवस थांबवायचं का हे बघणारा डॉक्टर ठरवेल. ताप नसेल, पाय शांत असेल तरच थांबवतात.

आजीचा_बटवा | मंगळवार, सकाळी ९:१५

इतकी शास्त्रं पाजळण्यापेक्षा हळद आणि खोबरेल लावून बघा. आमच्या वडिलांची जखम त्यानंच भरली. वर निपाणीच्या तंबाखूचं पान बांधायचे जुने लोक, रक्त थांबायचं.

शहापूर_माग | मंगळवार, सकाळी ९:४०

काकू, रागावू नका, पण आमच्या आईनं नेमकं हेच केलं होतं. हळदीचा थर वाळला, वरून पिवळी खपली धरली, छान वाटलं. खाली आत पोकळ झालं होतं. डॉक्टरांनी खपली उचलली तेव्हा मी बाहेर गेले, वास सहन होईना. करंगळी त्याच आठवड्यात गेली.

अगर_मगर | मंगळवार, दुपारी १:३०

हळदीत गुण नाहीत असं कुणी म्हणत नाही. पारंपरिक औषधांचा अभ्यास करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आपल्या बेळगावातच आहे, नेहरूनगरात. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि लावली की जखमेचा रंगच कळत नाही. लाली बघायची कशी? तंबाखूचं तर नावच काढू नका, निकोटिननं रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

चिकोडी_पॅसेंजर | मंगळवार, दुपारी २:००

बरं, मग एक खराखुरा प्रश्न. मुंबईच्या डॉक्टर भाच्यानं सांगितलं की पुस्तकात मधुमेही पायाला मुख्यतः स्टॅफ आणि स्ट्रेप्टोकोकस लिहिलेत. आपल्याकडच्या रिपोर्टात स्यूडोमोनास, क्लेबसिएला, ई. कोलाय असली नावं का जास्त?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८:५०

भाचा बरोबर आणि तुम्हीही बरोबर. पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली, तिथं बूटमोजे आणि कोरडी हवा. तिथं ग्रॅम पॉझिटिव्ह पुढं असतात. भारतातल्या अभ्यासांत ग्रॅम निगेटिव्ह वारंवार पुढं दिसतात. ऊन, दमट हवा, अनवाणी चिखलात काम, उशिरा येणं, आणि येण्याआधी दोन-तीन अँटिबायोटिक होऊन गेलेली, असं सगळं त्यात आहे. म्हणून मध्यम किंवा गंभीर इन्फेक्शनमध्ये उष्ण प्रदेशात रिपोर्ट येईपर्यंतच्या औषधात स्यूडोमोनासचा विचार करतात, थंड हवेच्या देशांत तो सरसकट करू नका म्हणतात. मात्र हे रिपोर्ट येईपर्यंतच.

अथणीचा_अंगठा | मंगळवार, रात्री ९:३०

विषय थोडा वेगळा, पण मालक रागावू नका. आमचं घराणं चपलांचं. कोल्हापुरी म्हणतात तरी भौगोलिक मानांकनात कर्नाटकाचेही ४ जिल्हे आहेत, आपलं बेळगाव त्यात आलंच. पण बधिर पायाला आम्ही ती विकत नाही. अंगठ्यात चामडं घासतं, नव्या चपलेला तर धारच असते, आणि तळवा टणक. साध्या माणसाला दोन दिवस चावते मग सैल पडते. शुगरवाल्याला चावलेलं कळतच नाही. गेल्या वर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला नवी जोडी पाहिजे म्हणून एक गृहस्थ आले, पाय बघितले आणि परत पाठवले. चिडले माझ्यावर.

मलप्रभा_काठ | मंगळवार, रात्री १०:१०

अण्णा, आबांची तीच जोडी आहे, अथणीचीच, दोन दिवाळ्या झाल्या. घट्टा बरोबर तिथंच होता. सोलायला ब्लेड कुणी दिलं म्हणून आई मला विचारत होती, मीच आणून दिलं होतं.

बुधवारी बेळगावला नेतोय. सीमाप्रश्नात महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांत आमच्या गावाचं नाव आहे, तर २०२३ मध्ये या गावांना लागू केलेली महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना इथं चालते का ते तिथंच विचारेन. इथं त्यावर भांडण नको, मागच्या धाग्यावर बघितलंय.

मलप्रभा_काठ | पुढच्या सोमवारी, रात्री ९:००

अपडेट.

सळई घातली, हाडाला लागली. मी शेजारीच उभा होतो. काचेच्या बरणीत चमचा लागावा तसा आवाज आला, अगदी बारीक. आबा छताकडं बघत होते, त्यांना काही जाणवलं नाही. डॉप्लरमध्ये रक्त बरं आहे म्हणाले, हे एक देवाचं.

ताप नव्हता, पाय शांत होता, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवून काही दिवसांनी नमुना घ्यायचं ठरवलं आणि त्यांच्या देखरेखीखालीच ठेवलं. शनिवारी ऑपरेशन थिएटरमध्ये मेलेलं मांस काढलं, हाडाचा तुकडा आणि तळातलं मांस वेगवेगळ्या डब्यांत घातलं. मी दारातून ओरडलो, "सिस्टर, फॉर्मॅलिन नको!" त्या म्हणाल्या, "गोत्तिदे, गोत्तिदे." म्हणजे माहीत आहे. अगर_मगर काका, तुमच्यामुळं माझी शोभा झाली. नमुना दहा मिनिटांत खालच्या मजल्यावर.

अगर_मगर | पुढच्या सोमवारी, रात्री ९:२५

शोभा होऊ दे. असे पेशंटवाले पाच असते तर माझं आयुष्य १० वर्षांनी वाढलं असतं.

मलप्रभा_काठ | गुरुवार, रात्री ८:१५

रिपोर्ट आला. हाडात आणि मांसात दोन्हीकडं एकच नाव, स्टॅफिलोकोकस ऑरियस. पहिल्या रिपोर्टातला! स्यूडोमोनास नाही, प्रोटियस नाही. सेफॉक्सिटिन स्क्रीन निगेटिव्ह लिहिलंय, डॉक्टर म्हणाले साध्या औषधाला ऐकणारा आहे. अंगठा काढायचा नाही असं सध्या ठरलंय, ६ आठवडे औषध, आधी इंजेक्शन मग गोळ्या.

आता शंका. रिपोर्टात औषधांपुढं आकडे आहेत. जेंटामायसिन ०.५ किंवा कमी, क्लिंडामायसिन ०.२५, व्हँकोमायसिन १, लिनेझोलिड २, को-ट्रायमोक्सॅझोल १० किंवा कमी. सगळ्यांपुढं एस. आमचा मेडिकलवाला म्हणाला आकडा सगळ्यात लहान तेच सगळ्यात जोरदार. पण डॉक्टरांनी यातलं काहीच दिलं नाही, भलतंच साधं औषध दिलं. विचारायचं राहून गेलं.

अगर_मगर | गुरुवार, रात्री १०:४०

मेडिकलवाल्याला माझा नमस्कार सांगा आणि एक उदाहरण द्या. सोनं तोळ्यावर विकतात, भात पोत्यावर. १ तोळा आणि २ पोती, यात मोठं कोण? प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. तो आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला किती कमीत कमी औषध लागलं तो. तो त्याच औषधाच्या ठरवून दिलेल्या रेषेशी ताडायचा, शेजारच्या औषधाशी नाही. रेषेच्या आत असला की एस, म्हणजे औषध लागू पडतं; बाहेर असला की आर, म्हणजे जंतू दाद देत नाही. जुन्या पद्धतीत प्लेटवर औषध लावलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतो, भोवती मोकळं वर्तुळ पडतं, ते मिलिमीटरमध्ये मोजतो. तिथंही तेच, ३० मिलिमीटरचं वर्तुळ २० वाल्यापेक्षा भारी असं नसतं.

सेफॉक्सिटिनचं सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. टिकलीभोवतीचं वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा कमी आलं की तो एमआरएसए, म्हणजे साध्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ, मग भारी औषधं लागतात. तुमचा तसला नाही. म्हणजे आतापर्यंत चार रिपोर्टांच्या मागं लागून आबांना जे सलाइनमधून जात होतं, ते पाहुण्यांसाठी होतं. खरा जंतू साध्या औषधावरच जाणार आहे. नीट घेतलेल्या एका नमुन्यानं औषध लहान झालं, मी २० वर्षं हेच ओरडतोय.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ५:३०

यादीतलं औषध का दिलं नाही ते: जेंटामायसिन प्लेटवर छान, पण हाडात आणि पुवात नीट काम करत नाही आणि १५ वर्षांच्या शुगरच्या किडनीला जड. एस लिहिलं म्हणजे द्यावंच असं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, अधूनमधून करतील, करू द्या.

६ आठवडे हाड न कापता ठेवलं तर. तुकडा काढला आणि कडेचं हाड तरीही खराब निघालं तर ३ आठवडे. मधेच बरं वाटलं म्हणून बंद करू नका, आणि तिसऱ्या आठवड्यात उत्सुकतेपोटी परत स्वॅब घेऊ नका. काहीतरी उगवेलच.

अंगठ्यावरचा भार कसा काढलाय? प्लास्टर दिलं का?

मलप्रभा_काठ | शुक्रवार, सकाळी ८:००

हो, गुडघ्याखालपर्यंत. इन्फेक्शन उतरल्यावर घातलं, दर आठवड्याला काढून बघणार म्हणाले. चालताना अंगठ्यावर वजन येत नाही. आबांचं डोकं मात्र चतुर्थीकडं. गणपती आणायला मीच जाणार म्हणतात. ऐकत नाहीत. शेतातलं पाणी कुणी बांधलं हेही रोज विचारतात.

शहापूर_माग | शुक्रवार, सकाळी ८:३०

मूर्ती तुम्ही आणा, आबांना खुर्चीवर बसवून आरतीचं ताट द्या. आमच्या आईला हीच लाच चालली होती.

मलप्रभा_काठ | शुक्रवार, दुपारी १२:४५

बघतो. आणखी एक अडाणी प्रश्न. सोमवारी प्लास्टर बदलायला न्यायचंय. गाडीचं भाडं दर आठवड्याला परवडत नाही, बसनंच जाणार. पायऱ्या उंच. चढताना कुठला पाय आधी टाकायचा?

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १:१०

अडाणी कसला, हाच प्रश्न कुणी विचारत नाही आणि लोक पडतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना प्लास्टरचा आधी. तुम्ही चढताना मागं राहा, उतरताना पुढं. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, घाई करू नको म्हणून.

मलप्रभा_काठ | शुक्रवार, दुपारी १:१५

चांगला आधी वर, प्लास्टरचा आधी खाली. आबांना आत्ताच उंबऱ्यावर करून दाखवलं. ७ ची गाडी रिकामी असते, तिलाच बसवतो.